फिरत्या घरातील ऊब

घर आणि प्रवास या दोन गोष्टी आपल्याकडे एकमेकींच्या विरुद्ध मानल्या जातात. प्रवासास निघावयाचे म्हणजे घराला कुलूप लावावयाचे, आणि घरी परतावयाचे म्हणजे वळकटी सोडावयाची, अशी आपली रीत. युरोप व उत्तर अमेरिका या खंडांत मात्र या दोहोंचा मिलाफ करणारे एक वाहन रूढ झाले आहे. मोटारीच्या सांगाड्यावर निजण्याची खाट, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी आणि बसण्याउठण्याची जागा अशी सारी मांडणी करून सबंध संसारच चाकांवर चढविलेला असतो. त्यास तेथे मोटरहोम म्हणतात. या कल्पनेचे मूळ मोटारीहूनही जुने आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या वैद्याने व लेखकाने १८८५ साली इंग्लंडात केवळ सहलीसाठी म्हणून घोड्यांनी ओढावयाचा एक घरवजा गाडा बांधवून घेतला व त्यास 'वाँडरर', म्हणजे भटक्या, असे साजेसे नाव दिले. पुढे घोड्यांच्या जागी इंजिन आले आणि या भटक्याच्या पोटी विजेचे दिवे, शीतकपाट व कढत पाणीही आले.

मराठी वाचकाला हा विषय आता अगदीच परका राहिलेला नाही. जर्मनी, स्वीडन, कॅनडा या देशांत नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुटीत अशी वाहने भाड्याने घेतात आणि इंदूर, बडोदे किंवा बेळगावहून भेटीस गेलेल्या आईवडिलांना त्यांतून फिरवून आणतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनाचे धोरण स्वीकारले. कोकणात किंवा गोव्यात अशा वाहनातील मंडळींना थंडीची फारशी चिंता नसते. परंतु नॉर्वेच्या डोंगरात अगर कॅनडाच्या मैदानात बाहेर शून्याखाली पंधरा अंश थंडी पडलेली असताना पत्र्याच्या व फळ्यांच्या त्या पातळ भिंतींआड माणसे निजतात ती केवळ आतील तापनव्यवस्थेच्या भरवशावर. ती मध्यरात्री बंद पडली तर उजाडेपर्यंत नळांतील पाणी गोठू लागते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि नळ, टाकी, पंप यांपैकी जे दुबळे असेल ते फोडून टाकते. याहूनही मोठा धोका असा की, थंडीने घाबरलेली माणसे अशा वेळी भलताच उपाय करून बसतात. म्हणून या व्यवस्थेचे बिघाड कसे ओळखावे, त्यांपैकी कोणते स्वतः दूर करावे आणि कोठे हात आखडता घ्यावा, हे समजून घेण्याजोगे आहे.

बंबाचा दूरचा आप्त

कढत पाणी खेळवून घर उबदार ठेवण्याची युक्ती जुनी आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या अँजिअर मार्च पर्किन्स याने १८३१ साली लंडनमध्ये नळ्यांतून कढत पाणी फिरवून इमारती तापविण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. फिरत्या घरात हीच पद्धत लहान आकारात बसविलेली असते. तिच्या मध्यभागी असतो बॉयलर. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना त्याची रचना समजावून सांगण्यास वेळ लागू नये. बंबात मधल्या नळकांड्यात विस्तव असतो व त्याच्या भोवती पाणी. स्वीडनमध्ये तयार होणाऱ्या प्रसिद्ध बॉयलरांत अशी तीन नळकांडी एकात एक बसविलेली असतात. अगदी आत गॅसची ज्योत, तिच्या भोवतीच्या आवरणात खोली तापविणारे पाणी आणि त्याच्याही बाहेरच्या आवरणात न्हाण्याचे व भांडी घासण्याचे पाणी.

या दोन पाण्यांतील भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. कारण तो न कळल्यामुळे निम्मा गोंधळ होतो. खोली तापविणारे पाणी बंदिस्त असते. ते बॉयलरातून निघते, भिंतीलगत बसविलेल्या पंखयुक्त नळ्यांतून फिरते, आपली उष्णता सोडते आणि परत बॉयलरात येते. ते कोणी पीत नाही, त्याने कोणी न्हात नाही. ते गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल नावाचे द्रव्य मिसळलेले असते. दुसरे पाणी नळाचे. ते साठवणीच्या टाकीतून येते, बॉयलरात तापते आणि तोटीवाटे बाहेर पडते. पहिल्या पाण्याची उष्णता दुसऱ्यास मिळते. पण ती दोन पाणी एकमेकांत कधीही मिसळत नाहीत. म्हणून 'गरम पाणी येत नाही' अशी तक्रार कोणी केली की विचारावयाचा पहिला प्रश्न हा की, खोली गार आहे, की तोटीचे पाणी गार आहे, की दोन्ही? दोन्ही गार असतील तर दोष बहुधा ज्योतीत अथवा इंधनात. खोली उबदार आणि तोटीचे पाणी गार असेल तर दोष नळाच्या बाजूस. तोटीचे पाणी कढत आणि खोली गार असेल तर दोष अभिसरणात, म्हणजे पाणी फिरविण्याच्या व्यवस्थेत. एवढ्या एका प्रश्नाने शोधाचे क्षेत्र एकतृतीयांशावर येते.

वैद्य जसा रोग्याची नाडी, जीभ व डोळे क्रमाने पाहतो तसाच येथेही एक क्रम आहे. उष्णतेचा प्रवास इंधनापासून सुरू होतो. इंधन जळते, ज्योतीची उष्णता पाण्यात येते, पंप ते पाणी फिरवितो, नळ्या ती उष्णता हवेस देतात आणि हवा खोलीत पसरते. या साखळीची कोणती कडी तुटली आहे, एवढेच शोधावयाचे असते. साखळीच्या आरंभापासून निघावे, सोपे ते आधी तपासावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर परिणाम पाहण्याइतका धीर धरावा.

धीराचे एक गणितही सांगता येते. दहा लिटर पाणी दहा अंशांवरून साठ अंशांवर नेण्यास सुमारे २,१०० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलोवॅट शक्तीच्या विजेच्या तापकाला तेवढी उष्णता देण्यास जवळजवळ ३५ मिनिटे लागतात. दहा मिनिटांत पाणी तापले नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजणाऱ्याने यंत्राला हात न लावता घड्याळाकडे पाहावे. खोलीस तर याहूनही अधिक वेळ लागतो. कारण केवळ हवाच नव्हे तर गाद्या, फळ्या, भांडी व भिंती हे सारेच तापावयाचे असते.

ज्योत पेटत नाही तेव्हा

ज्योतच पेटत नसेल तर गॅस संपला आहे काय, सिलिंडरची तोटी उघडी आहे काय, हे प्रश्न बाळबोध वाटले तरी तेच आधी विचारावे. याची एक साधी परीक्षा आहे. स्वयंपाकाच्या शेगडीचे एक तोंड पेटवून पाहावे. ज्योत निळी व जोमदार असेल तर गॅस येत आहे, दोष बॉयलराच्या बाजूस. ज्योत मलूल असेल किंवा पेटतच नसेल तर दोष सिलिंडर, नळी अथवा दाब आवरणारा नियंत्रक यांत. परीक्षा होताच शेगडी मात्र बंद करावी.

थंड प्रदेशात येथे निसर्गाचा एक विचित्र खेळ आढळतो. सिलिंडरात गॅस शिल्लक आहे, तो हलविला तर आत द्रव डुचमळतो, पण ज्योत मात्र पेटत नाही. याचे कारण गॅसच्या जातीत आहे. सिलिंडरात असणारा द्रव बहुधा प्रोपेन किंवा ब्यूटेन, अगर दोहोंचे मिश्रण असतो. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो. ब्यूटेन मात्र शून्याखाली अर्ध्या अंशालाच वायुरूप होण्याचे थांबतो. म्हणून पाणी गोठविणाऱ्या थंडीत ब्यूटेनचा भरलेला सिलिंडरही रिकाम्यासारखाच. मिश्रण असेल तर फसगत अधिक. त्यातील प्रोपेन आधी उडून जातो व तळाशी ब्यूटेनच अधिक उरतो. सायंकाळी उत्तम चाललेली ज्योत पहाटे, नेमकी थंडी सर्वांत कडाक्याची असताना, मालवते ती यामुळे. शिवाय द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरची उष्णता शोषून घेतो, म्हणून सिलिंडर आणखी गार होतो. याला उपाय एकच: हिवाळ्यात निव्वळ प्रोपेनचा सिलिंडर न्यावा. सिलिंडरवर कढत पाणी ओतणे किंवा त्यास ज्योतीची धग देणे हा उपाय नव्हे, तो अपघाताला दिलेला निमंत्रणाचा अक्षता-नारळ होय.

गॅस व्यवस्थित असूनही ज्योत पेटत नसेल तर विजेकडे पाहावे. बॉयलर गॅसवर चालत असला तरी ठिणगी, पंखा, पंप व नियंत्रण ही सारी बारा व्होल्टच्या विजेवर चालतात. पूर्ण भरलेल्या शिशाच्या बॅटरीचा दाब विसाव्याच्या स्थितीत सुमारे १२.७ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी जवळजवळ रिती झाली असे समजावे. थंडीत बॅटरीची धारणाशक्तीही घटते. दिवे मंद पडले आहेत आणि बॉयलर खटखट करून थांबतो आहे, असे दिसले तर दोष बॉयलरचा नसून बॅटरीचा असण्याचाच संभव अधिक. अशा वेळी इंजिन काही काळ चालविले अगर तळावरील विजेची जोडणी घेतली की यंत्र शहाण्यासारखे वागू लागते.

तळावरील जोडणीचीही एक गंमत आहे. युरोपातील पुष्कळ तळांवर प्रत्येक वाहनास सहा अगर दहा अँपिअरपर्यंतच वीज मिळते. २३० व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे सुमारे १,४०० वॅट. बॉयलरवर तीन किलोवॅटची विद्युत्-शक्ती निवडली तर तेरा अँपिअर लागतात, आणि तळावरील कळ तत्काळ खाली पडते. प्रवासी बॉयलरला दोष देतो; वस्तुतः त्याने ओंजळीत घागर मागितलेली असते. शक्ती एक किलोवॅटवर आणली, उरलेली उष्णता गॅसकडून घेतली, की काम भागते.

काही वाहनांत गॅसऐवजी डिझेलवर चालणारे बॉयलर असतात. इंधनाचा छोटा पंप टक् टक् असा आवाज करीत थेंबाथेंबाने डिझेल पुरवितो. तो आवाज ऐकू येत नसेल तर इंधन येत नाही, एवढे कानांनीच कळते. पुष्कळ वाहनांत बॉयलरची नळी मुख्य टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. प्रवाशाने रात्रभर ऊब घेऊन सकाळी इंजिनास डिझेलच उरू नये असे घडू नये, हा तिचा हेतू. म्हणून टाकी पूर्ण रिती नसतानाही बॉयलर थांबला तर आधी टाकीचा काटा पाहावा. उंच डोंगरांवर हवा विरळ असल्याने डिझेल अर्धवट जळते व आत काजळी धरते; नेहमी अगदी मंद आचेवर चालविल्यानेही तेच होते. पांढरा वा काळा धूर दिसू लागला तर तो काजळीचा इशारा समजावा.

ज्योत पेटते, पण टिकत नाही

ज्योत पेटून काही क्षणांत मालवत असेल तर विचार हवेच्या मार्गाचा करावा. हे बॉयलर आपली हवा बाहेरून घेतात आणि आपला धूर बाहेरच सोडतात. खोलीतील हवेशी त्यांचा संबंध नसतो. तेव्हा धुराड्याचे तोंड बर्फाने बुजले असेल, त्यावर झाकण राहून गेले असेल, किंवा वाहनाशेजारी उभारलेल्या कनातीने वारा अडविला असेल, तर ज्योत गुदमरते. अमेरिकेत एक अनपेक्षित गुन्हेगार सापडतो. उन्हाळाभर उभ्या असलेल्या वाहनाच्या ज्वालकनळीत कोळी जाळे विणतो किंवा गांधीलमाशी मातीचे घर बांधते. वाटाण्याएवढ्या त्या घरामुळे गॅस व हवा यांचे प्रमाण बिघडते, ज्योत पिवळी पडते आणि संरक्षक यंत्रणा ती बंद करते. ही नळी साफ करणे हे जाणकाराचे काम. पण तेथे जाळे असू शकते हे मालकाला ठाऊक असले तर निम्मे काम झाले.

येथे एक पथ्य पाळावयास हवे. काही प्रयत्नांनंतर ज्योत न पेटल्यास यंत्र आपणहून कुलूपबंद होते व फलकावर दोषाची खूण दाखविते. ही खूण आधी लिहून घ्यावी व मगच एकवार यंत्र पूर्ववत् करून पाहावे. पुनःपुन्हा कळ दाबीत राहणे घातक. कारण न जळलेला गॅस आत साठत राहतो. यंत्राने घेतलेली माघार ही त्याची हट्टीपणाची वृत्ती नव्हे, ती त्याची सावधगिरी होय.

ज्योत जळते, पण खोली गारच

बॉयलर तापलेला आहे, तोटीचे पाणी कढत आहे, आणि तरीही पलंगाखालील नळी हाताला गार लागते. अशा वेळी भिंतीलगतच्या नळीवरून हात फिरवीत जावे. बॉयलरापासून काही अंतरापर्यंत नळी कढत आणि पुढे एकाएकी थंड, असे आढळले तर बहुधा तेथे हवेचा बुडबुडा अडकला आहे. द्रवाला हवेचा तो अडसर ओलांडता येत नाही. सबंध नळी बॉयलरपासूनच गार असेल तर पंप फिरतो आहे की नाही ते पाहावे. त्यावर हात ठेवला असता चालू पंपाचा सूक्ष्म कंप जाणवतो. नळी आरंभी कढत आणि शेवटी कोमट असेल, तर पंपाचा वेग कमी पडत आहे अथवा द्रव दाट झाला आहे.

हवा काढण्याचे काम मालकास स्वतः करता येण्याजोगे आहे. व्यवस्था प्रथम बंद करून थंड होऊ द्यावी; कढत द्रव अंगावर उडाला तर भाजते. प्रसरणटाकीतील द्रव किमान खुणेच्या वर आहे ना, ते पाहावे. कमी असल्यास तेथे आधीपासून असलेल्याच जातीचा द्रव घालावा. हवा नेहमी सर्वांत उंच ठिकाणी गोळा होते. म्हणून वाहन सपाट जागी अथवा हवा सोडण्याचा पेच उंच राहील अशा बेताने उभे करावे. पेच हलकेच सैल करावा. आधी फुसफुस असा आवाज येतो, मग फेसाळ थेंब, आणि अखेर अखंड धार. धार लागताच पेच आवळावा, टाकीतील पातळी पुन्हा पाहावी आणि पंप चालू करावा. एका खेपेत काम झाले नाही तर निराश होऊ नये. लहान लहान बुडबुडे एकत्र येण्यास वेळ लागतो. मात्र दर आठवड्यास हवा शिरत असेल किंवा पातळी सतत उतरत असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्यावाचून टाकी भरीत राहणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

कित्येकदा नळ्या उत्तम तापलेल्या असतात आणि तरीही माणसे कुडकुडतात. दोष यंत्राचा नसून संसाराचा असतो. या नळ्या आसनांच्या व खाटांच्या मागे, खालच्या बाजूस बसविलेल्या असतात. खालून थंड हवा आत शिरते, नळ्यांवरून तापते आणि पाठीमागच्या फटीतून वर चढते. या फटीत उशा, पांघरुणे, मुलांची खेळणी आणि घरून आणलेल्या चिवड्याचे डबे कोंबून ठेवले की हवेचा मार्ग खुंटतो. ऊब तेथेच खाटेखाली कोंडून पडते. त्या फटी मोकळ्या केल्या की पंधरावीस मिनिटांत फरक जाणवतो, आणि यास एक पैसाही खर्च येत नाही.

अभिसरणातील द्रवाविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. ग्लायकॉल जितके अधिक तितके संरक्षण अधिक, असा एक समज आहे; तो खोटा आहे. निव्वळ एथिलीन ग्लायकॉल शून्याखाली सुमारे १३ अंशांवरच गोठते. पण त्यात तितकेच पाणी मिसळले असता ते मिश्रण शून्याखाली पस्तीस अंशांच्या आसपासपर्यंत द्रवरूप राहते. चाळीस टक्क्यांचे मिश्रण शून्याखाली सुमारे २५ अंशांपर्यंत पुरते. प्रमाण विनाकारण वाढविले तर द्रव दाट होतो, कमी उष्णता वाहून नेतो आणि पंपावर ताण पडतो. शिवाय ग्लायकॉलबरोबर धातूचे गंजण्यापासून रक्षण करणारी द्रव्ये असतात व ती काळाने क्षीण होतात. म्हणून निर्मात्याने नेमून दिलेल्या मुदतीत, जातीप्रमाणे दोन ते पाच वर्षांनी, सारा द्रव बदलावा लागतो. तो तपकिरी व गढूळ झाला असेल तर मुदतीची वाट पाहू नये. एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. म्हणून सांडलेला द्रव मुलांच्या व कुत्र्यामांजरांच्या वाटेत राहू देऊ नये.

तोटीचे पाणी कोमट का?

नळाच्या पाण्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा कोणीतरी उघडी किंवा बंद ठेवलेल्या एखाद्या तोटीत सापडते. अमेरिकन वाहनांत बहुधा सहा गॅलनांचा, म्हणजे सुमारे २३ लिटरांचा, स्वतंत्र पाणीतापक असतो. हिवाळ्यात वाहन उभे करून ठेवताना तो रिता करतात आणि पाण्याला त्यास वगळून जाण्याची वाट मोकळी करून देतात. वसंतात वाहन बाहेर काढताना ती वाट बंद करण्याचे विसरले की थंड पाणी गरम पाण्यात मिसळत राहते आणि तोटीला कोमटपणा येतो. वाहनाच्या बाहेरील अंगास पाय धुण्यासाठी एक फवारा असतो. त्याचे तोंड बंद, पण गरम व थंड अशा दोन्ही तोट्या उघड्या राहिल्या, तरी तेच घडते. तापक निर्दोष असतो. दोन प्रवाहांचा संगम मात्र भलत्या ठिकाणी झालेला असतो.

टाकीत पाणी भरण्यापूर्वी विजेचा तापक चालू करणे ही दुसरी नेहमीची चूक. पाण्यावाचून तापककांडी काही क्षणांतच जळते. टाकी भरली हे कसे ओळखावे? गरम पाण्याची तोटी उघडावी. हवा निघून जाऊन अखंड धार लागली की टाकी भरली. पाणी जड असेल तर कांडीवर क्षारांचे कवच चढते व तापण्यास वेळ लागू लागतो. पाणी दिवसेंदिवस कोमट ठेवणेही बरे नव्हे. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान लीजिओनेला जातीचे जंतू वाढतात, म्हणून टाकीतील पाणी अधूनमधून साठ अंशांच्या वर तापू द्यावे.

आणखी एका प्रकाराने नवखा प्रवासी हमखास घाबरतो. थंडीच्या सकाळी वाहनाखाली पाण्याचे थारोळे दिसते आणि टाकी रिती झालेली असते. ही गळती नसून संरक्षण असते. अनेक युरोपीय वाहनांत एक झडप बसविलेली असते. तिच्या भोवतालचे उष्णतामान सुमारे तीन अंशांवर उतरले की ती आपणहून उघडते व पाणी सोडून देते. नाहीतर ते गोठून बॉयलर फुटला असता. ही झडप हाताने बंद करावी लागते, आणि सुमारे सात अंशांपर्यंत ऊब आल्यावाचून ती बंद राहत नाही. म्हणून आधी खोली तापवावी, मग झडप लावावी, मग पाणी भरावे. ती झडप चिमट्याने किंवा दोरीने बळेच दाबून ठेवणाऱ्याने थोड्याशा पाण्यासाठी सबंध बॉयलर पणास लावलेला असतो.

जेथे हात आखडावा

हवा सोडणे, द्रवाची पातळी राखणे, फटी मोकळ्या ठेवणे, बॅटरी व फ्यूज तपासणे, धुराड्यावरचे बर्फ दूर करणे ही मालकाची कामे. गॅसची नळी उघडणे, ज्वालक सोडविणे, धुराड्याचे सांधे बदलणे ही परवानाधारक कारागिराची कामे. या दोहोंमधील रेषा ओलांडू नये.

गॅसचा वास आल्यास ज्योती विझवाव्यात, विजेची कोणतीही कळ दाबू नये, सिलिंडरची तोटी बंद करावी, दारे उघडावीत आणि सर्वांनी बाहेर पडावे. गळती साबणाच्या फेसाने शोधावी. काडी पेटवून कदापि नव्हे. प्रोपेन हवेहून सुमारे दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साठतो. यासाठी वाहनाच्या तळात मुद्दाम झरोके ठेवलेले असतात. त्यांतून थंड वारा येतो म्हणून त्यांत कापडाचे बोळे कोंबणारे लोक असतात. थंडी अडविण्याच्या नादात ते गॅसची बाहेर जाण्याची वाट अडवितात.

गॅसला निदान वास तरी असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याच्याशी घट्ट बांधले जाते. आधी डोके जड होते, मग मळमळ, मग ग्लानी. आणि माणूस ती प्रवासाच्या शिणाची झोप समजतो. बॉयलर बंद पडला म्हणून स्वयंपाकाची शेगडी रात्रभर पेटती ठेवणे, किंवा निखाऱ्यांची शेगडी आत आणणे, हा सुरुवातीस उल्लेखिलेला भलता उपाय. त्याने कित्येक कुटुंबे झोपेतच संपलेली आहेत. त्यापेक्षा अंगावर सारे कपडे चढवावे, एका खाटेवर दाटीने बसावे, नळांतील पाणी सोडून द्यावे आणि जवळच्या वस्तीची वाट धरावी. या वायूचा इशारा देणारी घंटा प्रत्येक वाहनात असलीच पाहिजे आणि निघण्यापूर्वी तिची कळ दाबून ती बोलते आहे याची खात्री करून घेतली पाहिजे.

आपल्या घरापर्यंत

फिरत्या घरात जे सत्य तेच स्थिर घरातही. ग्वाल्हेरच्या किंवा इंदूरच्या हिवाळ्यात न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असतो. हा गीझर मोटरहोममधील बॉयलराप्रमाणे बाहेरची हवा घेत नाही. तो बहुधा न्हाणीतीलच हवा घेतो आणि धूरही तेथेच सोडतो. खिडकी घट्ट लावून स्नान लांबविले की प्राणवायू घटतो व तोच निःशब्द विषारी वायू निर्माण होतो. भारतात अशा अपघातांची वृत्ते दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. गीझर न्हाणीच्या बाहेर बसविणे, आणि ते साधत नसेल तर झरोका सदैव उघडा ठेवणे, एवढ्याने जीव वाचतो. गच्चीवरील सूर्यतापकातून पाणी अडखळत येत असेल, तर तेथेही नळीच्या उंच भागात हवा अडकलेली असण्याचा संभव असतो. गच्चीवर उभी ठेवलेली वायुनलिका त्याकरिताच असते, ती शोभेची काठी नव्हे.

तात्पर्य, यंत्राचा बिघाड हा दैवाचा कोप नसतो, त्याला कारण असते आणि ते कारण बहुधा साधे असते. हिवाळ्यापूर्वी एकवार जाणकाराकडून तपासणी, एका वहीत द्रव बदलल्याची तारीख, सिलिंडर लावल्याचा दिवस व फलकावर उमटलेल्या खुणांची नोंद, आणि बिघाड झाल्यावर इंधनापासून हवेपर्यंतच्या साखळीचा शांत विचार, एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे बर्फाच्या प्रदेशातही चाकांवरचे घर घरासारखे उबदार राहते. पुढच्या डिसेंबरात परदेशी मुलांकडे निघालेल्या वडीलधाऱ्यांनी लोकरीच्या कपड्यांबरोबर एक प्रश्नही नेण्यास हरकत नाही. वाहनात पाऊल ठेवताच मुलाला विचारावे, 'त्या वायूची घंटा कोठे आहे, आणि ती वाजते ना?'